वहीतली नावं

"फोटो दाव," मामा म्हणाले.

मी फोन पुढे केला. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि शेंगा फोडून मातकटलेल्या बोटानं एकेक फोटो सरकवायला लागले. सुरू नदी. कारगिलचा बाजार. छपरांवर वाळत घातलेले जर्दाळू. परत सुरू नदी. तिथे थांबले.

"पूल कुठं हाय?"

"कसला पूल?"

"नदीचा ह्यो काठ हाय, त्यो काठ हाय. मधी पूल न्हाई. म्हंजी पुसायला लावला."

सुभेदार म्हणून निवृत्त होऊन माणसाला किती वर्षं झाली, यानं काही फरक पडत नाही हे मला तेव्हा कळलं. मामांची सगळी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरटी एक नाही तरी दोन घरांत मिळून एक माणूस पलटणीत असतोच. १९९९च्या उन्हाळ्यात मामांची पलटण 'त्या बाजूला' होती. नेमकी कुठे, ते पंचवीस वर्षांनंतरही सांगत नाहीत.

हे बोलणं २०२४च्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधीचं. ओसरीवर नुकत्याच काढलेल्या भुईमुगाचा ढीग होता, आणि मी कारगिलहून आणलेली जर्दाळूंची पिशवी मामींनी न उघडता कोनाड्यात ठेवली होती.

पुलाची गोष्ट अशी. चेकपोस्टवर आधार कार्ड दाखवून, रजिस्टरात नाव लिहून आम्ही पुढे निघालो आणि पुलावर गाडी जरा थांबली, तेव्हा मी काचेतून एक फोटो काढला. पलीकडच्या टोकाला उभा असलेला जवान धावत आला. विशी-बाविशीचा पोरगा. नाकावरची कातडी उन्हानं सोलून निघालेली, नवी गुलाबी कातडी खाली दिसत होती. त्यानं फोन मागितला नाही, 'डिलीट कीजिए मॅडम' म्हणाला. मी केला. 'अब रिसेंटली डिलीटेड में जाइए.' तिथूनही काढायला लावला. मग त्या फोटोच्या आधीचे पाच आणि नंतरचे दोन पाहिले, 'थँक यू मॅडम, जय हिंद' म्हणाला आणि परत जागेवर जाऊन उभा राहिला. सगळं मिळून तीन मिनिटं.

"चांगला पोरगा हाय," मामा म्हणाले.

"चांगला होता, मी कुठे नाही म्हणते? पण मामा, त्या पुलाचा फोटो उपग्रहावरून दिसतो. गूगलवर दिसतो. माझ्या फोनमधल्या फोटोनं काय होणार होतं?"

"उपग्रहावरनं पूल दिसतो. पुलाच्या तोंडाला पाटी असती ती दिसत न्हाई. पाटीवर आकडा असतो. कुठल्या क्लासचं वजन पूल पेलतो, त्यो आकडा. आकडा कळला की त्या पुलावरनं टँक जाईल का नुसता थ्री टन, ते कळलं. तुझ्या फोटुत पाटी व्हती का न्हाई?"

मला आठवेना. हेच तर त्यांना हवं होतं.

"तुला आठवत न्हाई. पण फोन ईसरत न्हाई. कुठं काढला, किती वाजता काढला, समदं त्यात असतंय. तू पुण्याला जाऊन ते फेसबुकवर टाकनार. तुज्या मनात पाप न्हाई. पण ते बघनाऱ्याच्या मनात काय हाय ते तुला ठावं हाय का?"

खरं सांगायचं तर याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी विषय बदलला. वाद हरायला लागला की विषय बदलायचा, ही आमच्या घरातली जुनी रीत.

मी हुंदरमानचं काढलं. कारगिलहून दहा-बारा किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत हे गाव आहे. दगडामातीची जुनी घरं एकमेकांच्या पाठीवर बसल्यासारखी. लोक आता वरच्या वस्तीत राहतात आणि जुन्या घरांपैकी काहींत गावातल्याच लोकांनी संग्रहालय केलं आहे. जुनी भांडी आहेत, तोफगोळ्यांचे तुकडे आहेत, आणि पत्रं आहेत. रस्त्यावरच्या एका वळणावर भाड्यानं दुर्बीण मिळते. दुर्बिणीतून नियंत्रण रेषेपलीकडचं गाव दिसतं: शेताचे तुकडे, पॉप्लरची झाडं, छपरं. मला एका छपरावर कुणीतरी काहीतरी झटकताना दिसलं. सतरंजी असेल. मी दुर्बीण पुढच्या माणसाला दिली. मागे पुण्या-मुंबईच्या दोन बसगाड्या उभ्या होत्या.

"तिथं दुर्बीण चालते," मी म्हणाले. "पैसे देऊन चालते. आणि खाली पुलाचा फोटो चालत नाही. हे कसलं धोरण?"

"ज्ये दावायचं ते दावत्यात, ज्ये झाकायचं ते झाकत्यात. सोपं हाय."

"गावातल्या माणसांसाठी सोपं नाही. १९४०चा जन्म धरा. पोरगा महाराजा हरिसिंगांच्या राज्यात जन्मला. आठ-नऊ वर्षांचा झाला तोवर लढाई होऊन गेली, ४९च्या जुलैत कराचीत बसून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी नकाशावर रेघ मारली आणि त्याचं गाव पाकिस्तानच्या बाजूला गेलं. एकतिशीत, ७१च्या डिसेंबरात, आपलं सैन्य वर चढलं आणि एका रात्रीत तो भारताचा झाला. तो उंबऱ्यातून हललाही नाही. त्याचा भाऊ त्या आठवड्यात कामासाठी स्कर्दूला गेला असेल, तर तो तिकडचा. कारगिल ते स्कर्दू गाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. ४८पासून बंद. भावाला भेटायचं तर श्रीनगर, जम्मू, अमृतसर, अटारी, लाहोर, इस्लामाबाद आणि मग परत उत्तरेला डोंगरात. तेही व्हिसा मिळाला तर. २००५ला श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली, पुढच्या वर्षी पूंछ-रावळकोट झाली. कारगिल-स्कर्दूची नुसती चर्चा झाली."

मामा ऐकत होते. ऐकताना टरफलं डाव्या हाताला, दाणे उजव्या हाताला, मध्ये वीतभर मोकळी जागा. पलटणीनं लावलेल्या सवयी.

"ती शेवटली रेघ का हालवली ठावं हाय का?" त्यांनी विचारलं. "कारगिलच्या डोक्यावर एक टेकडी हाय. नकाशात तिला नाव न्हाई, उंचीचा आकडा हाय. तेरा हजार सहाशे वीस. फुटात. तितं बसला की खाली श्रीनगर-लेहचा रस्ता तळहातावर दिसतो. ६५ला मे महिन्यात आपल्या पोरांनी घेतली. वरनं हुकूम आला, सोडा. सोडली. ऑगस्टात परत घेतली. ताश्कंदचा करार झाला, परत सोडली. ७१ला तिसऱ्यांदा घेतली तवा कुटं ठेवली. येकाच टेकडीसाठी तीनदा माणसं मेली. आता त्या टेकडीपायी दोन-चार गावं इकडं आली, त्याला मी काय करू? गावासाठी टेकडी घेतली न्हाई, टेकडीसाठी गाव आलं."

हे शेवटचं वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं नसावं. एक शेंग त्यांनी जरा जास्तच जोरात फोडली.

"मग ९९ला काय झालं?" मी विचारलं. "एवढे चेकपोस्ट, एवढी रजिस्टरं. आणि घुसखोर कुणाला दिसले? गारखोनच्या एका गुराख्याला. ताशी नामग्याल. त्याचा याक हरवला होता, तो शोधायला दुर्बीण घेऊन डोंगरात गेला, आणि त्याला माणसं दिसली, बंकर खणताना. ३ मे. त्यानं खाली येऊन सांगितलं. आज तोच माणूस दुर्बीण घेऊन रेषेजवळ फिरताना दिसला, तर तुम्ही आधी त्यालाच धराल."

"धरू," मामा म्हणाले. "धरू, इचारू आणि सोडू. तुला वाटतंय धरणं म्हंजी मारणं. ९९ला तोटा चौकशीचा नव्हता गं, तोटा बघण्याचा व्हता. हिवाळ्यात वरल्या पोस्टी मोकळ्या सोडायचो. आपण बी सोडायचो, ते बी सोडायचे. त्या साली त्यांनी सोडल्या न्हाईत." त्या युद्धाचा आढावा घेणाऱ्या सुब्रह्मण्यम समितीच्या अहवालात जी गोष्ट पानंच्या पानं मांडली आहे, ती मामांनी दोन वाक्यांत उरकली. "आणि वरनं त्यांना रस्ता दिसत व्हता. ९ मेला कारगिलचा दारूगोळ्याचा साठा उडवला. का उडाला? वर बसून कुणीतरी बघत व्हतं म्हणून. आमच्या गाड्या रात्री चालायच्या, दिवे बंद करून. समोरच्या गाडीच्या आवाजावर. बघण्याची किंमत तुला त्या दुर्बिणीला शंभर रुपये पडली असंल. आम्हाला निराळी पडली."

पाचशे सत्तावीस. तो आकडा त्या वेळी दोघांपैकी कुणीच उच्चारला नाही. द्रासच्या स्मारकात मी तो वाचून आले होते आणि मामांनी त्यातली काही माणसं उचलून खाली आणली होती.

(लिहिताना नोंदवते: आम्ही बोलत होतो तेव्हा ताशी नामग्याल हयात होते. त्याच डिसेंबरात ते गेले. आणि पुढच्या वर्षी एप्रिलात पहलगामचा हल्ला झाल्यावर अटारीचं फाटकही बंद झालं. मी मामांना बोटांवर मोजून सांगितलेला तो लांबचा वळसाही आता उरलेला नाही.)

मामी आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी एवढा वेळ सगळं ऐकलं होतं, पण पुलात आणि टेकडीत त्यांना रस नव्हता.

"पत्रं म्हणालीस ती कसली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पलीकडच्या नातेवाइकांची. कुणाला मुलगा झाला, कुणाची आई गेली. डोंगराच्या पलीकडचं पत्र सगळा पंजाब फिरून इकडे यायचं. आता फोनवर चेहरे दिसतात, पण बोलताना लोक बिचकतात. काय बोलावं, कोण ऐकत असेल.

"आमचं काय निराळं व्हतं?" मामी म्हणाल्या. "पाकिटावर नाव, नंबर, पलटण आणि खाली छप्पन एपीओ. मला पहिली दोन वर्सं वाटायचं छप्पन एपीओ असं गावच हाय कुटंतरी. पोस्टमनला इचारलं, किती लांब हाय वो? त्यो हसला. तवा कळलं की ह्यो पत्ताच न्हाई. कितीतरी पलटणींना त्योच पत्ता. आणि पत्रात काय, तर 'मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असावे.' बर्फ हाय का ऊन हाय, त्ये बी न्हाई."

"लिहून चालत नव्हतं," मामा म्हणाले.

"म्हाईत हाय मला चालत नव्हतं ते."

चहा होईपर्यंत कुणी बोललं नाही. मग जी गोष्ट मी घरात कुणाला सांगणार नव्हते ती सांगितली.

कारगिलनंतर मी त्या भागातल्या एका गावात दोन रात्री राहिले. गावाचं नाव इथे लिहीत नाही. घरातल्या एका खोलीत पाहुण्यांची सोय. त्या घरच्या आजी फार बोलक्या. नातू हिंदीत सांगायचा आणि मी वहीत लिहून घ्यायचे. त्यांचे दोन भाऊ पलीकडे. भावांची मुलं, मुलांची मुलं. कोण कुठल्या गावात दिलं, कोण शिक्षक आहे, कोण तिकडच्या फौजेत हमाली करतो. मी वंशावळीचं झाड काढलं, फांद्यांवर नावं लिहिली. आजींना ते इतकं आवडलं की त्यांनी नातवाकडून प्रत्येक नाव तपासून घेतलं.

दुसऱ्या संध्याकाळी एक माणूस आला. साधे कपडे, तपकिरी स्वेटर. बूट मात्र चकचकीत. त्या धुळीत तेवढेच उठून दिसत होते. घरच्यांनी त्याला न विचारता खारा चहा दिला, म्हणजे तो येत असावा. हसतमुख. एकट्याच आलात? मिस्टर नाही आले? काय करता? लिहिता? कशासाठी? मग वही बघू का म्हणाला. मी नाही म्हणू शकले असते का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी दिली.

"लिपी त्याला वाचता आली," मी म्हणाले. "देवनागरीच ना. तो अक्षरं लावून वाचायला लागला. 'आजींचे दोन भाऊ'. 'आजी मतलब?' त्यानं विचारलं, आणि मी सांगितलं, दादी. 'थोरला मतलब?' बडा. 'दिली मतलब?' ब्याही. मी एकेका शब्दाचा अर्थ सांगत गेले मामा. मदत करावी तशी. नावांना तर अर्थ सांगायचीही गरज नव्हती. त्यानं त्या पानाचा फोटो काढला. नातू दारात उभा होता."

मामा थांबले होते. हातातली शेंग तशीच.

"मला काहीच झालं नाही. वही परत मिळाली. 'अच्छा लिखती हैं' म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी निघून आले. पण नातवाला सकाळी कुठेतरी बोलावलं होतं, तो मला सोडायला आला नाही."

"त्यानं मागितलं न्हाई," मामा हळू म्हणाले. "तू दिलंस."

"हो."

"त्या पुलावरच्या पोराला दोष देत बसलीस मघापासनं. त्यानं तुजं येक पान बी उलटलं न्हाई. त्याला पाटी झाकायची व्हती, माणसं न्हाई. माणसं तू उघडी केलीस."

"पण मामा, पलीकडे भाऊ असणं हा गुन्हा नाही."

"गुन्हा न्हाई. पर नोंद हाय. गुन्ह्याचा निकाल लागतो कवातरी. नोंदीचा लागत न्हाई."

हे त्यांनी मला सुनावण्यासाठी म्हटलं असेल असं मला वाटलं होतं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"माज्याकडं बी वही व्हती," ते म्हणाले. "९९ला. वर सामान न्यायला गावातली माणसं यायची. पाणी, दारूगोळा, भाकरी, समदं. काहींनी आपली घोडी आणली. आमच्या पोरांना सपाटीवरनं आल्या आल्या वर दम लागायचा, ती माणसं पाठीवर वझं घिऊन शीळ घालत चढायची. त्यांचं रजिस्टर माज्याकडं. नाव, बापाचं नाव, गाव, किती वझं, किती फेऱ्या. पैसं मिळावंत म्हणून लिवायचो. अक्षर माजं चांगलं. लढाई सपली, आम्ही खाली आलो, तवा येकानं येऊन त्या रजिस्टराची नक्कल नेली. कशाला न्हेतो, ते इचारायचं नसतं. म्या बी इचारलं न्हाई. पैशासाठी नेली असंल."

"असेल," मी म्हणाले.

"असंल," ते म्हणाले.

मामी रिकामे कप उचलत होत्या. "त्या लोकांना फोन केलास का आल्यावर?" त्यांनी मला विचारलं.

"निघताना आजींच्या सुनेनं सांगितलं, काही दिवस करू नका."

"किती दिवस?"

ते तिनं सांगितलं नव्हतं.

मामी कोनाड्याकडे गेल्या, जर्दाळूंची पिशवी सोडली आणि ताटलीत ओतली. सुकून सुरकुतलेले, मधासारख्या रंगाचे. मामांनी एक उचलला, बोटांनी दाबून आतली बी बाहेर काढली, उजेडाकडे धरली. मग दुसरी काढली, तीही पाहिली. गर तसाच ताटलीत राहिला. ओसरीच्या कडेला शेंगा ठेचायचा दगड होता, तो ओढून घेतला.

"त्यातला येकजण ह्ये खिशात भरून आणायचा," ते म्हणाले. "वर पोचला की मूठभर माज्या हातावर. गर खायचा आणि बी टाकून द्यायची न्हाई, ह्ये त्यानंच शिकवलं. आत बदाम असतो. पर समद्याच बियांत गोड न्हाई."

"कोण होता? नाव आठवतं?"

त्यांनी माझ्या मांडीवरच्या फोनकडे पाहिलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या वहीकडे. दगडाखाली बी धरली आणि बेतानं एकच ठोका मारला. कवच दोन भागांत सुटलं, आतला बदाम आख्खा.

"ही पांढरी घे," म्हणाले. "काळी असती ती कडू."